काठावर पास

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांना एक शाल, एक छत्री आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची एक जाड वही मिळाली. शाल मेहुणीने पुढच्या लग्नात फिरवली, छत्री लोकलमध्ये राहिली, वही मात्र टिकली. जग बुडालं तर आपण राहायला कुठे जायचं, याचा हिशेब साडू त्या वहीत मांडतात.

याला कारणं आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते अंधेरीहून बोरिवलीपर्यंत पाण्यातून चालत आले होते. वाटेत एका अनोळखी बाईने त्यांना बिस्किटाचा पुडा दिला. त्या पुड्याचा विषय निघाला की आजही त्यांचा आवाज बदलतो. पुढे 2020च्या टाळेबंदीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी त्यांनी पाऊण तास रांग लावली आणि त्यांचा नंबर आला तेव्हा जुडी संपली होती. त्या दिवशी शहरावरचा त्यांचा विश्वास उडाला. उरलेलं काम मुलाने केलं. मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे आयडाहो, मोंटाना असल्या राज्यांत जाऊन संकटाची तयारी करून राहणारी माणसं आहेत, त्यांना 'प्रेपर' म्हणतात, हे त्याने वडिलांना सांगितलं आणि वर त्या विषयावरचं एक विटेएवढं पुस्तक पाठवून दिलं. मेहुणी म्हणते, "नुसता पेपर वाचायचे तेच बरं होतं. हे प्रेपर कुठून मागे लागलं?"

पुस्तकाचा सल्ला सरळ होता. आधी एक आडबाजूचा जिल्हा निवडा, हिंडून बघा, गुण द्या आणि मग बिऱ्हाड हलवा. साडूंनी शंभर गुणांची प्रश्नपत्रिका काढली. पाणी 20, अन्न 20, इंधन 10, जमीन 20, शेजार 10 आणि धोक्यांपासून अंतर 20. 'शेजार' या विषयात शेजारी जितके कमी तितके गुण जास्त, असा अमेरिकन नियम होता. सोसायटीचे अनेक वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला तो पटायला वेळ लागला नाही.

मग जिल्ह्याची निवड. रायगड बाद झाला, कारण कर्जतला आधीच फार्महाउसं आहेत आणि अलिबागला नटनट्यांचे बंगले. "जग बुडेल तेव्हा तिथे पार्किंगसुद्धा मिळणार नाही," साडू म्हणाले. उरला पालघर. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला, राज्याचा छत्तिसावा जिल्हा. सरकारी भाषणांत त्याला 'सागरी, नागरी आणि डोंगरी' असं म्हणतात. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मध्ये सूर्या, पिंजाळ आणि वैतरणा.

"मासे आहेत, भात आहे आणि लपायला डोंगर आहेत," साडू नकाशावर बोट फिरवत म्हणाले. "आणखी काय हवं?"

"आणि तारापूर?" मी विचारलं.

"ते तारापूर. आपण पालघरबद्दल बोलतोय."

"तारापूर पालघर तालुक्यातच आहे."

साडूंनी नकाशा जवळ घेतला. घडी नेमकी तारापूरवर पडली होती.

"जाऊन बघू," ते म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणीशिवाय गुण देऊ नयेत, असं पुस्तकातच लिहिलंय." साक्षीदार म्हणून मला नेण्यात आलं. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, साडूला येत नाही. त्याची बायको आपल्या बायकोची बहीण असते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही विरारला डहाणूची लोकल पकडली. ही लोकल 2013च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याआधी विरारच्या पुढे मुंबई संपते, असं मुंबईकर समजत. अजूनही समजतात, फक्त आता तसं समजणाऱ्यांना पुढची लोकल मिळते.

पुस्तकात 'पळ काढायची पिशवी' नावाचं एक प्रकरण आहे. संकट आलं की उचलून दाराबाहेर पडता येईल अशी भरून ठेवलेली पिशवी. साडूंनी ती आणली होती. तिच्यात बॅटरी, शिट्टी, दोरी, होकायंत्र, प्रथमोपचार आणि मेहुणीने गुपचूप घातलेला लाडवांचा डबा होता. समोर सफाळ्याचे एक गृहस्थ रात्रपाळी करून घरी चालले होते. साडूंनी त्यांना पिशवीतला एकेक जिन्नस दाखवला. त्यांनी शांतपणे स्वतःची सॅक उघडली. आत पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, बदलायचा शर्ट, टॉवेल, छत्री, आम्लपित्ताच्या गोळ्या, चार्जर, बसायला वर्तमानपत्र, पत्त्यांचा कॅट आणि टाळांची जोडी.

"टाळ कशाला?" साडूंनी विचारलं.

"सकाळच्या गाडीला आमचं भजनी मंडळ असतं. गाडी मध्येच थांबली तर सगळेच अभंग होतात."

पुस्तकात टाळ नव्हते. साडूंनी वहीत नोंद केली. पळ काढायची पिशवी घेऊन ही माणसं रोज पहाटे पळ काढतात आणि रोज रात्री परत येतात, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. ते मी लक्षात ठेवलं.

बोईसरला उतरलो आणि 'धोक्यांपासून अंतर' हा पेपर सुरू झाला. स्टेशनबाहेर शेअर रिक्षांचा गलका होता. त्यात मराठी, हिंदी, भोजपुरी, उडिया आणि हॉर्न या पाच भाषा मी मोजल्या. इथलं औद्योगिक क्षेत्र कागदावर तारापूरचं, पण ते आहे बोईसरला लागून. तारापूर गाव, तिथला जुना किल्ला आणि चिंचणीचा किनारा बिचारे वेगळेच. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने बोईसरला आणि नाव तारापूरचं. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूरचा पहिला नंबर आला. गुण देणारे साडू एकटेच नाहीत, आणि पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटण्यासारखे विषय सगळेच नसतात, हे तेव्हा कळलं.

रिक्षावाला मूळचा अक्करपट्टीचा निघाला. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली. "आमचं गाव तीन-चार नंबरात गेलं," तो म्हणाला. कुणी आपलं गाव धरणात गेलं म्हणतं, कुणी हायवेत. नंबरात गेलेलं गाव मी पहिल्यांदा ऐकलं.

साडूंनी नाक उचललं. "हा वास कसला हो?"

"आज काही नाही. आज वारा समुद्रावरनं आहे," तो म्हणाला. "वारा फिरला की सालवड-पास्थळकडे जावा. सडकी अंडी असतील तर एक कारखाना, जळकं रबर असेल तर दुसरा. आम्ही वासावरनं पत्ता सांगतो."

चहाच्या टपरीवर थांबलो. तारापूरचं केंद्र 1969 साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र. केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आपत्कालीन आराखडा आहे आणि त्याचा अधूनमधून सराव होतो, एवढं साडू घोकून आले होते. त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "अणुकेंद्राजवळ राहता, भीती नाही वाटत?"

"भीती कसली? सात मेला सायरन वाजला की," तो म्हणाला. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा राज्यातल्या सर्वांत संवेदनशील ठिकाणांच्या यादीत मुंबई, उरण आणि तारापूर होतं. "सायरन झाला, लोक बाहेर आले, चहा प्यायले. धंदा बरा झाला त्या दिवशी."

"अहो, पण सायरन झाल्यावर घरात जायचं असतं!"

"घरात? साहेब, तलासरीकडे सायरन नाही वाजत, पण घर हललं की लोक बाहेर पळतात. नक्की काय करायचं ते एकदा ठरवून सांगा. आम्ही दोन्हीला तयार आहोत."

त्याचं चुकत नव्हतं. 2018च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची माळ लागली. धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात असायचं. 1 फेब्रुवारी 2019चा धक्का 4.1 रिश्टरचा होता. कडाक्याच्या थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपले. फळीवरची पातेली वाजली की उठायचं, हा तिथला इशारा. बॅटरी लागत नाही, ॲप लागत नाही, फक्त पातेली लागतात आणि ती घासून एकावर एक रचलेली लागतात.

एवढ्यात टपरीवरचा पंखा थांबला. वीज गेली होती. अणुकेंद्राच्या एवढ्या जवळ वीज गेल्याचं साडूंना मनापासून आश्चर्य वाटलं. टपरीवाल्याने पुठ्ठ्याचा पंखा आमच्यापुढे सरकवला. त्यावर कुठल्याशा कंपनीची ऊर्जाबचतीची जाहिरात होती.

साडूंनी वही उघडली. धोक्यांपासून अंतर: अणुकेंद्र आहे, रसायनं आहेत, भूकंप आहे, वादळ आहे. पुस्तकातल्या यादीत फक्त ज्वालामुखी उरला. "ज्वालामुखीचे दोन गुण द्यावेत का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळा सह्याद्री ज्वालामुखीच्याच दगडाचा आहे, उगाच कशाला आठवण करून देता. त्यांनी शून्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी पालघरहून सातपाटीला गेलो, अन्नाचा पेपर तपासायला. सातपाटी म्हणजे पापलेट. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांचा मोठा आग्रह होता. दर्जा मिळाला, पण पापलेटला तो अजून कुणी कळवलेला दिसत नाही. पूर्वीइतका तो आता जाळ्यात येत नाही, असं सगळेच सांगत होते. छोटी पिल्लंच पकडली तर मोठा होणार कोण, हेही तेच सांगत होते.

वळवाची एक सर पडून गेली होती. किनाऱ्यावर गडबड होती ती आगोटीची. आगोट हा शब्द साडूंना माहीत नव्हता. एका मावशींनी तो समजावला. मावशी बांबूच्या वलांडीवरचे वाळलेले बोंबील उतरवून गोणीत भरत होत्या.

"1 जूनपासून समुद्र बंद," त्या म्हणाल्या. "31 जुलैपर्यंत होडी नाही काढायची. त्याच्या आधी सगळं घरात यायला पाहिजे ती आगोट. सुके बोंबील, जवळा, करंदी, मीठ, मसाला, तांदूळ, लाकडं. कौलं बघायची, जाळी दुरुस्त करायची."

"म्हणजे तुम्ही दोन महिन्यांचा साठा करता?" साडूंनी डोळे मोठे केले. "पुस्तकात तीन दिवसांपासून सुरुवात करा असं लिहिलंय. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मावशींनी त्यांच्याकडे, आवाज कुणी शिकवला असं कोंबड्याला विचारणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. "सासूने," त्या म्हणाल्या.

"आणि संकट आलं तर?"

"आलं ना. तौक्ते आलं." मे 2021 मधलं चक्रीवादळ. त्यात समुद्रातून भरकटलेली एक बार्ज जवळच वडराईच्या खडकांवर येऊन अडकली. "लाईट गेली, टॉवर गेला, फोन बंद. बोंबील होते, भात होता. खाल्ला."

साडूंनी लिहून घेतलं: 'बोंबील होते, भात होता, खाल्ला.' विटेएवढ्या पुस्तकातल्या तीन प्रकरणांचा हा सारांश होता. मग त्यांनी अन्नाची यादी वाचली. किनाऱ्याला मासे आणि मिठागरं, केळवे-माहीमला केळी आणि पानवेली, घोलवड-डहाणूला चिकू, बहाडोलीला जांभळं, वाड्याला कोलम तांदूळ, वर ताडगोळे आणि ताडी. चिकू, जांभूळ आणि कोलम या तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. "ताडी अन्नात धरायची की इंधनात?" असा एक बारकावा निघाला. मावशी म्हणाल्या, माणसावर आहे. अन्नाला वीसपैकी वीस गुण मिळाले. निघताना साडूंनी दोन किलो बोंबील घेतले आणि पळ काढायच्या पिशवीत भरले. होकायंत्राला आजही त्यांचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने मनोर, विक्रमगड करत जव्हारकडे निघालो. विषय होते जमीन, पाणी आणि शेजार. जमिनीसाठी साडूंनी एका एजंटाची वेळ घेतली होती. तो विक्रमगडला भेटला आणि पहिलाच प्रश्न त्याने असा विचारला की वीस गुणांचा पेपर तिथेच फाटला.

"शेतकरी आहात?"

"नाही. पण व्हायचंय."

"तसं नसतं साहेब. व्हायला जमीन लागते आणि जमिनीला आधी शेतकरी लागतो. सातबारा आहे कुठे? वडिलांचा? आजोबांचा?"

साडूंच्या आजोबांचा रत्नागिरीकडे सातबारा होता. तो चुलत्यांच्या भांडणात आहे आणि त्या भांडणाला साठ वर्षं झाली. कूळकायद्यानं शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यात विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रातले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर कायद्याच्या भिंतीवर भिंती. एजंट हळू आवाजात म्हणाला, "वाटा असतात." कर्जाची कागदपत्रं तपासण्यात साडूंची हयात गेली होती. 'वाटा' हा शब्द ऐकून ते ताडकन उठले. तेवढ्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात दहा गुण दिले.

बाहेर येऊन मात्र ते चिडले. "स्वयंपूर्ण जगायला निघालेल्या माणसाला कायदाच आडवा येतो म्हणजे काय?"

मी म्हटलं, हा कायदा उगाच आलेला नाही. शहाण्या, कागद वाचणाऱ्या माणसांनीच इथे एके काळी दाण्याच्या कर्जावर जमिनी लिहून घेतल्या, मूळ मालकांना वेठीला धरलं. 1945 साली तलासरी-डहाणूकडचे वारली उठले आणि गोदावरी परुळेकरांचं नाव घरोघर पोचलं, ते याच वेठबिगारीविरुद्ध. त्यानंतर हळूहळू कायद्याची कुंपणं आली. "तुम्ही संकटापासून पळून इथे येताय. या लोकांनी ज्या संकटाची तयारी करून ठेवलीय, ते म्हणजे तुम्ही."

साडू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जमिनीपुढे शून्य लिहिलं आणि थोड्या वेळाने म्हणाले, "कुंपण चांगलं घातलंय."

जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर उतरलो. तिथे एक वारली म्हातारा दाराशी बसून कडूकंद चिरत होता. साडूंनी विचारलं, हे कसं खायचं. तिकडे साहेब, डॉक्टर, देव सगळ्यांनाच 'तू' म्हणतात.

"तू नको खाऊ," म्हातारा म्हणाला. "तुला जमायचं नाय."

पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. हेच शेवळाचं. पहिल्या सरींबरोबर शेवळं उगवतात, पण काकडाच्या आंबट फळाशिवाय शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की जग बुडाल्याचं दुःख वाटेनासं होतं. पुस्तकातल्या 'रानातलं अन्न' या प्रकरणात खायच्या झाडांची चित्रं होती. खाजेवर उतारा काय, हे चित्रात दिसत नाही. ते आजीला माहीत असतं आणि आजी पुस्तकाबरोबर येत नाही.

मग पाणी. हा भाग अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचा. साडूंनी खुशीत वीस लिहिले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बोट टेकडीखालच्या वाटेकडे केलं. तिथून बायका डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन चढत होत्या. काळ्या खडकावर पडलेलं पाणी थांबत नाही, चार महिन्यांत वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतो.

"मग इतकं पाणी जातं कुठे?"

"तुझ्याकडं," म्हातारा म्हणाला.

साडूंना वाटलं, तो चेष्टा करतोय. तो करत नव्हता. मध्य वैतरणेचं धरण मोखाड्याच्या बाजूचं. ते बांधलं मुंबई महापालिकेने आणि पाणी जातं मुंबईला. सूर्येवरचं धामणी धरणही या डोंगरांतलंच. शेतीसाठी म्हणून झालेल्या त्या प्रकल्पाचं पाणी आता वसई-विरारला जातं आणि मिरा-भाईंदरलाही द्यायचं ठरलेलं आहे. साडूंनी वीसचे दहा केले. चार महिन्यांचे पूर्ण, बाकी महिन्यांचे शून्य, दोघांची सरासरी बँकेच्या पद्धतीने.

इंधनाला पाच मिळाले, कारण चुलीला लाकूड आहे, सिलिंडरही आहे, पण लाकूड आणायला दोन तास जातात आणि सिलिंडर भरायला पैसे.

राहिला शेजार. साडूंनी विचारलं, "इथे आजूबाजूला माणसं फार नाहीत, हो ना?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. पाड्यावरची निम्मी घरं बंद होती. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर, वाळूवर, बांधकामावर जातात, वसई, ठाणे, मुंबईला. आता पावसाच्या तोंडावर परततील. "माणसं कमी कशाला रं पायजेत?" तो म्हणाला. "आवणी कोण करील?"

भाताची आवणी, म्हणजे लावणी, एकट्याने होत नाही. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. 'शेजारी जितके कमी तितके गुण जास्त' हा नियम साडूंनी वहीत पुन्हा वाचला, त्यावर काट मारली आणि शेजारची जागा मोकळीच सोडली.

परतीच्या लोकलमध्ये बेरीज झाली. अन्न 20, पाणी 10, इंधन 5, जमीन 0, धोके 0. एकूण 35.

"पास!" साडू म्हणाले. "काठावर, पण पास." ज्या पिढीने दहावीत गणिताला पस्तीस मिळवून पेढे वाटले, त्या पिढीला या आकड्याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पण पास झालेल्या जिल्ह्यात राहायला जायची सोय उरली नव्हती, आणि तो जिल्हाही आडबाजूला उरणार नव्हता. वाढवणला 76,200 कोटींचं बंदर येतंय, त्याचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरलाच झालं. बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर अशी दोन स्थानकं याच जिल्ह्यात आहेत. आपण संकटापासून पळून जिथे जायचं, तिथे आपल्याआधी आपली गाडी पोचणार. किनाऱ्यावरच्या मावशींनी वाढवणचं नाव निघताच दुसऱ्या दिशेला बघितलं होतं. त्यांच्या आगोटीत या संकटाची तरतूद नाही.

साडूंची वही नंतर दोन आठवडे बंद होती. मग एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांनी त्याच प्रश्नपत्रिकेवर बोरिवली तपासली होती.

पाणी: शून्य. मोठा वाटा वैतरणा, तानसा आणि भातसाचा, म्हणजे सगळा पाहुणा. तुळशी तलाव शेजारच्या नॅशनल पार्कात आहे, पण त्याच्या भरवशावर सोसायटीचे फ्लशसुद्धा चालायचे नाहीत. इंधन: शून्य. उपनगरांच्या विजेसाठी 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र बांधलं ते डहाणूला. जमीन: चारशे वीस चौरस फूट, तिसऱ्या मजल्यावर, सिमेंटची. अन्न: मासे सातपाटीचे, चिकू घोलवडचे, देवाला मोगरा आणतो तो विक्रमगड-जव्हारकडचा, आणि समोरच्या टॉवरच्या पाचव्या मजल्यावर विटा चढवणारं जोडपं मोखाड्याचं. हे शेवटचं त्यांनी खाली जाऊन विचारून आणलं होतं. इतकी वर्षं त्या वाटेने जाऊनही आधी कधी विचारलं नव्हतं.

"एकूण तीन," साडू म्हणाले.

"तीन कसले?"

"कुंडीत ओवा आहे. एक गुण ओव्याचा. आणि दोन शेजारचे. बोंबलाच्या वासाबद्दल सोसायटीत चार तक्रारी आल्या, पण दोन घरांनी कालवण मागून नेलं."

मग त्यांनी वहीचं पुढचं पान दाखवलं. वर तारीख होती, खाली एका ओळीत हिशेब: पालघर स्वयंपूर्ण आहे, म्हणून बोरिवली चालते, ज्या दिवशी पालघर स्वतःपुरतं जगायचं ठरवील, त्या दिवशी तयारी आपल्याला करावी लागेल.

त्या पानाखाली पुढच्या मेची यादी सुरू झाली आहे. बोंबील पाच किलो, जवळा दोन किलो, मीठ, वाडा कोलम. मथळ्याच्या जागी आधी लिहिलेला 'प्रेपर' खोडून साडूंनी 'आगोट' असं लिहिलंय.